मोटार चालू, पण पाणी येत नाही! 'सर्व्हर डाऊन' असतो तेव्हा नेमकं काय बंद पडलेलं असतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि राज्यभरातून एकच तक्रार यायला लागली. आधार नंबर टाकला, बटण दाबलं, पण ओटीपी काही येत नाही. पान उघडतंय, योजनेचं नाव दिसतंय, रकाने दिसतायत, फक्त तो आकडा मोबाइलवर पडत नाही. सेवा केंद्रात विचारावं तर ठरलेलं उत्तर, "सर्व्हर डाऊन आहे ताई, उद्या या."

सातबारा असो, रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन असो, ई-पीक पाहणी असो की ॲडमिशनचा फॉर्म, 'सर्व्हर डाऊन' हे उत्तर आता 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' इतकं सवयीचं झालंय. कुणी पुढे विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

पण जरा थांबून विचार करा. सर्व्हर खरोखर बंद असता, तर ते पान तरी कुठून आलं असतं?

बऱ्याच वेळा मशीन व्यवस्थित चालू असतं. बंद पडलेली असते ती त्याच्या पोटात, पडद्यामागे काम करणारी एखादी छोटी सर्व्हिस. ती का थांबते, कशी शोधतात, आणि ती गुपचूप थांबली तर केवढा घोळ होतो, तेच आज बघू.

पळसदेवच्या काठावरची मोटार

विषय कॉम्प्युटरचा आहे, पण सुरुवात इंदापूर तालुक्यातून करू. पुणे-सोलापूर हायवेवरचं पळसदेव तुम्ही ऐकलं असेल. जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. धरणाचं पाणी खूप खाली गेलं की पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि त्याचे ड्रोन व्हिडीओ आपल्या फीडमध्ये फिरायला लागतात.

मंदिर दिसलं की रीलवाले खूश, पण काठावरचा ऊसवाला मात्र काळजीत असतो. पाणी मागे सरकलं म्हणजे त्याची मोटार उघडी पडणार. मग चारी खोदा, पाइप वाढवा, मोटार पुढे सरकवा.

आता असं समजा की फुटव्हॉल्व्ह पाण्याच्या वर आलाय आणि अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. स्टार्टरचा दिवा लागलाय, मोटारीचा आवाज येतोय, मीटर फिरतंय. लांबून बघणारा सांगणार, मोटार चालू आहे. पण दोन किलोमीटरवर शेतात, पाइपाच्या तोंडाशी थेंब नाही.

सर्व्हरचं दुखणं समजायला हे चित्र पुरेसं आहे. लाइटच गेली तर मोटार बंद, ते सगळ्यांना कळतं. याला म्हणायचं अख्खा सर्व्हर बंद. लाइट आहे पण स्टार्टर ट्रिप झालाय, म्हणजे मशीन चालू आणि आतली सर्व्हिस बंद. हेही जाऊन बघितलं की कळतं. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. सर्व्हिस कागदोपत्री चालू, दिवा हिरवा आणि काम शून्य. यात तक्रार करणाऱ्यालाच वेड्यात काढलं जातं, "आमच्याकडे तर सगळं चालू दिसतंय."

पडद्यामागे काम करणारं 'भूत'

जे प्रोग्राम स्क्रीनवर दिसत नाहीत, कुणी क्लिक न करता दिवसरात्र आपलं काम करत बसतात, त्यांना कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेत 'डीमन' म्हणतात. हे नाव १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटात रुळलं. भौतिकशास्त्रात मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एका काल्पनिक भुताची कल्पना मांडली होती, जे न थकता एकेक रेणू वेगळा करत बसतं. नाव तिथून उचललं. विंडोजवाले त्यालाच सरळ 'सर्व्हिस' म्हणतात. आपणही सर्व्हिसच म्हणू, भुताचा विषय रात्रीसाठी ठेवू.

उदाहरण गावातलंच घेऊ. समजा एका दूध संकलन केंद्रावर कॉम्प्युटर आहे. दूध मापलं, फॅट आणि एसएनएफ निघालं, पावती छापली, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज गेला. बघणाऱ्याला हे एकच काम वाटतं, पण आत दोन वेगळे गडी राबत असतात. पहिला माप घेऊन नोंद करतो आणि पावती छापतो. दुसरा मागच्या खोलीत बसून नव्या नोंदी उचलतो आणि एकेक मेसेज पाठवत राहतो.

हा दुसरा गडी झोपला तर? माप होतंय, पावती निघतेय, स्क्रीनवर लाल अक्षरात काहीही येत नाही. मेसेज मात्र बंद. आणि बिनमेसेजच्या नोंदींची रांग मागे वाढत चाललीय.

सकाळी मागितलेले ओटीपी दुपारी एकदम चार-पाच येऊन पडतात, हा अनुभव तुम्हाला असेलच. पाठवणारी सर्व्हिस अडकली होती, कुणीतरी ती पुन्हा सुरू केली आणि तिने तुंबलेली रांग एका दमात मोकळी केली, हे त्याचं एक नेहमीचं कारण. तोपर्यंत त्या ओटीपीची मुदत संपलेली असते, ही गोष्ट वेगळी.

थांबते कशामुळे?

हॅकर वगैरे सिनेमात. खरी कारणं फार साधी, जवळजवळ लाजिरवाणी असतात.

पहिला मान डिस्क भरण्याचा. प्रत्येक सर्व्हिस आपण काय केलं याची रोजनिशी लिहीत असते, तिला लॉग म्हणतात. जुनी रोजनिशी काढून टाकायची सोय लावली नसेल तर ती वाढत वाढत अख्खी डिस्क खाते. मग नवीन नोंद लिहायला जागाच नाही आणि काम ठप्प. म्हणजे गोष्टी नीट चालाव्यात म्हणून लिहिलेल्या वहीनेच गळा दाबला.

मेमरीचंही तसंच. लिनक्सवर मेमरी संपत आली की सिस्टम स्वतःच एखाद्या खादाड प्रोग्रामचा बळी देते, बाकीचे वाचावेत म्हणून. या यंत्रणेचं नावच 'आऊट ऑफ मेमरी किलर' आहे. बळी कुणाचा जाईल हे हिशोबाने ठरतं, पण तो बरेचदा सगळ्यात महत्त्वाच्या सर्व्हिसचाच जातो, कारण सगळ्यात जास्त मेमरी तीच खात असते.

मग मुदत संपलेलं सुरक्षा सर्टिफिकेट, कुणीतरी बदललेला आणि सर्व्हिसला न सांगितलेला डेटाबेसचा पासवर्ड, आणि माझं आवडतं कारण, मशीन रीस्टार्ट झाल्यावर सर्व्हिस आपोआप सुरू व्हावी ही खूणच केलेली नसणं. कुणीतरी दोन वर्षांपूर्वी ती हाताने सुरू केली. मधल्या काळात मशीन एकदाही बंद झालं नाही. मग एका रात्री लाइट गेली, सकाळी मशीन उठलं आणि सर्व्हिस काही उठली नाही. ज्याने सुरू केली होती तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला.

आधी बघायचं, मग हात लावायचा

आजच्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर या सगळ्या गड्यांचा एक मुकादम असतो, त्याचं नाव सिस्टमडी. कुणाला कधी उठवायचं, कोण पडला, कुणाला पुन्हा उभं करायचं, सगळं त्याच्याकडे. सर्व्हर सांभाळणारा माणूस सगळ्यात आधी त्याला सर्व्हिसची स्थिती विचारतो. 'सिस्टमसीटीएल स्टेटस' आणि पुढे सर्व्हिसचं नाव, एवढीच ती कमांड. उत्तरात ती चालू आहे, शांतपणे थांबवलीय की अपयशी होऊन पडलीय, कधीपासून, आणि पडताना कोणता आकडा देऊन गेली हे येतं. 'थांबवली' आणि 'पडली' यातला फरक फार महत्त्वाचा. थांबवली असेल तर माणूस शोधायचा, पडली असेल तर कारण.

कारण लॉगमध्ये असतं. 'जर्नलसीटीएल' या कमांडने त्या सर्व्हिसपुरती रोजनिशी उघडता येते. नवखा माणूस शेवटची ओळ वाचतो. मुरलेला माणूस थोडा मागे जातो आणि पहिली चूक शोधतो, कारण शेवटच्या पन्नास ओळी बहुधा त्या एकाच चुकीचे पडसाद असतात. त्यानंतर डिस्क किती भरलीय, मेमरी किती उरलीय, डेटाबेस उत्तर देतोय का, सर्टिफिकेटची तारीख काय. हे बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आणि त्यानंतर रीस्टार्ट.

प्रत्यक्षात काय होतं? फोन वाजतोय, बाहेर रांग लागलीय, साहेब मागे उभे आहेत. त्यामुळे रीस्टार्ट आधी होतो आणि कारण कधीच शोधलं जात नाही. चार दिवसांनी परत तेच. रांगेत लोक उभे असताना आधी सेवा सुरू करायला माझी अजिबात हरकत नाही, पण त्याआधी लॉगची एक प्रत बाजूला काढून ठेवायला तीस सेकंद लागतात. तेवढं झालं तरी दुसऱ्या दिवशी कारण सापडू शकतं.

विंडोज सर्व्हरवर हेच काम 'सर्व्हिसेस' नावाच्या खिडकीत होतं. तिथे प्रत्येक सर्व्हिसच्या 'रिकव्हरी' टॅबमध्ये पहिल्यांदा पडली तर काय करायचं, दुसऱ्यांदा पडली तर काय आणि त्यानंतर काय, हे आधीच ठरवून ठेवता येतं. ही सोय अनेक छोट्या ऑफिसांमध्ये कुणी उघडूनही बघितलेली नसते.

ऑटोस्विचची गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, सर्व्हिस पडली की आपोआप उठवायची सोय असेल तर ती सगळीकडे लावून टाका, विषय संपला.

शेतकरी यावर हसेल. रात्री-अपरात्री लाइट येते, मोटार चालू करायला कोण जाणार, म्हणून कृषिपंपांना ऑटोस्विच लावतात. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. पण एका डीपीवरच्या सगळ्यांनीच ऑटोस्विच लावले तर लाइट येताच सगळ्या मोटारी एकाच क्षणी करंट ओढतात आणि डीपी जळतो. म्हणून तर महावितरण 'ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा' असं वारंवार सांगत असते.

सर्व्हरचंही हुबेहूब तसंच. डेटाबेस मिनिटभर बंद पडला आणि परत उठला, की त्याच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या सर्व्हिस एकदम धावून जातात आणि नुकताच उठलेला डेटाबेस पुन्हा आडवा होतो. म्हणून जाणकार लोक प्रत्येक प्रयत्नानंतर थांबायचा वेळ वाढवत नेतात आणि त्यात थोडं मागे-पुढे ठेवतात, म्हणजे सगळे एका ठोक्याला उठणार नाहीत.

सिस्टमडीमध्येही एक खोच आहे. सांगितल्याशिवाय तो पडलेल्या सर्व्हिसला उठवतच नाही. उठवायला सांगितलं तर दोन प्रयत्नांमध्ये जेमतेम सेकंदाचा दहावा भाग थांबतो, आणि दहा सेकंदांत पाच वेळा उठवूनही ती पडली तर नाद सोडून देतो. आता हिशोब करा. डेटाबेसला उठायला एक मिनिट लागणार आहे आणि इकडे पाचही प्रयत्न पहिल्या काही सेकंदांतच संपले. मिनिटाभराने डेटाबेस ठणठणीत, पण सर्व्हिस कायमची झोपलेली. थांबायचा वेळ तीस सेकंद करणारी एक ओळ लिहिली असती तर हे झालंच नसतं.

अलार्मच मेला आणि पाच कोटी लोक अंधारात गेले

इथपर्यंतची गोष्ट वेळ वाया जाण्याची होती. पण एक सर्व्हिस गुपचूप थांबल्यावर काय होऊ शकतं, याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १४ ऑगस्ट २००३ चं आहे.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी नावाची वीज कंपनी. तिच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर बसलेत. कुठली लाइन ट्रिप झाली, कुठे जास्त लोड आला, हे सांगायला मागे एक अलार्मची यंत्रणा सतत चालू. दुपारी २ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास ही यंत्रणा अडकली. पडली नाही, फक्त अडकली. स्क्रीन चालू होते, आकडे दिसत होते. अलार्म मात्र वाजणं बंद झालं, आणि अलार्म बंद झालाय हे सांगणारा अलार्म नव्हताच.

ऑपरेटरना वाटलं, आज दुपार शांत आहे.

मागे न हाताळलेल्या घटनांची रांग तुंबत गेली. २ वाजून ४१ मिनिटांनी मुख्य सर्व्हर पडला, काम पर्यायी सर्व्हरवर गेलं, सोबत तुंबलेलं दुखणंही गेलं, आणि तेरा मिनिटांत तोही पडला. आयटीच्या लोकांना आपोआप संदेश गेला. ते कामाला लागले, ३ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास रीस्टार्ट केला, सर्व्हर उठला. त्यांच्या दृष्टीने काम झालं. पण अलार्म वाजतायत का, हे त्यांनी कंट्रोल रूमला विचारलं नाही. आणि सर्व्हर पडले होते, हे कंट्रोल रूमला कुणी सांगितलंही नव्हतं.

दरम्यान उन्हाळ्यातल्या लोडने तापलेल्या, लोंबलेल्या तारा झाडांना टेकायला लागल्या. ३ वाजून ५ मिनिटांनी पहिली मोठी लाइन ट्रिप झाली, साडेतीननंतर दुसरी, मग तिसरी. शेजारच्या कंपन्यांचे फोन येत होते की तुमच्याकडे काहीतरी गडबड दिसतेय. ऑपरेटर स्वतःच्या स्क्रीनकडे बघत होते आणि तिथे अलार्म नव्हता. चार वाजून गेल्यावर पत्त्यांचा बंगला कोसळावा तसं झालं. अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारियो मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले.

चौकशीत सॉफ्टवेअरमधली जी चूक निघाली, तिला 'रेस कंडिशन' म्हणतात. दोन कामं एकाच वेळी एकाच नोंदीला हात घालतात आणि ती नोंद बिघडते. क्वचितच घडणारी ही चूक शोधायला पुढे कित्येक आठवडे लागले.

झाडं, लोड, लोंबलेल्या तारा ही कारणं होतीच. पण ऑपरेटरना वेळेत कळलं असतं तर लोड कमी करायला त्यांच्या हातात तासाभराहून जास्त वेळ होता. तो वेळ एका थांबलेल्या सर्व्हिसने खाल्ला.

बारामतीच्या उसाला याचं काय?

बरंच काही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या मदतीने उसाच्या शेतीत एआय आणलंय. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र, उपग्रहाची माहिती हे सगळं सर्व्हरवर जातं, आणि पाणी कधी द्यायचं, खत किती टाकायचं याच्या सूचना शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतात. २४ फेब्रुवारी २०२५ ला मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांनी याबद्दल एक्सवर पोस्ट टाकली, आणि इलॉन मस्क यांनी त्यावर उत्तर दिलं.

तिथे काही बिघडलं असं मला म्हणायचं नाहीये. मुद्दा वेगळा आहे. जमीन बघून पाणी देणारा शेतकरी जेव्हा मोबाइलच्या मेसेजवर विसंबायला लागतो, तेव्हा मेसेज न येण्याचेही दोन अर्थ होतात. पहिला अर्थ, आज पाण्याची गरज नाही. दुसरा अर्थ, मेसेज पाठवणारी सर्व्हिस परवापासून बंद आहे. मोबाइलच्या स्क्रीनवर हे दोन्ही अर्थ अगदी सारखे दिसतात. ओहायोच्या कंट्रोल रूममधली शांतताही अशीच होती.

म्हणून अशी कुठलीही सेवा वापरत असाल, शेतीची, दुधाची, पाण्याच्या पातळीची किंवा घरच्या सीसीटीव्हीची, तर एक गोष्ट मागून घ्या. काही विशेष नसलं तरी दिवसातून एकदा 'आज सगळं ठीक, माहिती मिळतेय' एवढा मेसेज आलाच पाहिजे. तो आला नाही तर तीच धोक्याची सूचना.

तंत्राच्या भाषेत याला 'हार्टबीट' म्हणतात. मुंबईच्या लोकलमध्ये हीच युक्ती फार जुनी आहे. मोटरमनला एक हँडल दाबून धरावं लागतं. त्याला काही झालं आणि हात सुटला की गाडी स्वतःहून ब्रेक लावते. त्याने 'मला चक्कर आली' असं सांगायची वाट बघितली जात नाही, त्याचं गप्प होणंच पुरेसं असतं. सिस्टमडीमध्येही 'वॉचडॉग' नावाची अशीच सोय आहे. ठरलेल्या वेळात सर्व्हिसने 'मी आहे' असं कळवलं नाही, तर ती चालू दिसत असली तरी मेली असं धरून तिला पाडून पुन्हा उठवलं जातं.

पण हार्टबीट कशाचा मोजताय याला महत्त्व आहे. मोटारीचा आवाज मोजलात तर कोरडी मोटारही पास होते. पाइपातलं पाणी मोजायला हवं. म्हणजे 'एसएमएस सर्व्हिस चालू आहे का' एवढंच विचारून थांबू नका. 'शेवटचा मेसेज किती मिनिटांपूर्वी गेला आणि रांगेत किती पडून आहेत' हे विचारा. एक खोटा ग्राहक बनवून दर पाच मिनिटांनी त्याच्या नंबरवर खरा ओटीपी मागवायचा आणि पोचतो का बघायचं, हा त्यातला सगळ्यात पक्का उपाय. खर्च काही पैशांचा.

आणि बिघाडाची सूचना जिथे जाते ती वाट तरी चालू आहे का? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. बॅकअप घेऊ म्हणून बघितलं तर ती जागा रिकामी. डेटाबेसची आवृत्ती आणि बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती जुळत नव्हती, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. प्रत्येक वेळी 'बॅकअप फसला' असा मेल निघायचा, पण त्या मेलवर योग्य सही नसल्यामुळे मेल सर्व्हर तो नाकारायचा. कुणाला एकही मेल पोचला नाही. नशिबाने सहा तास जुनी एक प्रत दुसरीकडे पडलेली होती म्हणून बाकीचं वाचलं, मधल्या सहा तासांतलं गेलं.

बंद पडायचं तर बोंब मारून पडा

आपल्याकडचं मोठं उदाहरण मुंबईचं. २४ फेब्रुवारी २०२१, नॅशनल स्टॉक एक्स्चेंज. सकाळीच निफ्टीचे आकडे हलायचे थांबले, आणि ११ वाजून ४० मिनिटांनी एक्स्चेंजने सगळे व्यवहार थांबवले. दोन्ही टेलिकॉम कंपन्यांच्या लिंकमध्ये बिघाड झाला आणि त्यातून मागे चालणारी जोखीम तपासणारी यंत्रणा बसली, असं कारण देण्यात आलं. बाजार उघडला थेट पावणेचारला आणि त्या दिवशी पाचपर्यंत चालला. वायदे व्यवहारांची मुदत दुसऱ्याच दिवशी संपणार होती, त्यामुळे अडकलेल्या लोकांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा.

एनएसईवर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पर्यायी केंद्रावर काम का हलवलं नाही, हा प्रश्न तेव्हा सगळेच विचारत होते. पण एक गोष्ट त्यांनी बरोबर केली असं मला वाटतं. जोखीम तपासणारी सर्व्हिस बंद असताना पुढचं दुकान चालू ठेवलं नाही. ओहायोत नेमकं तेच झालं होतं, मागचं मेलेलं आणि पुढचं चालू.

महिन्याभरात, मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम आवळले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर एक्स्चेंजने ३० मिनिटांच्या आत 'डिझास्टर' जाहीर करायचं, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. म्हणजे शेअर विकणाऱ्याला आता निदान घड्याळ दाखवता येतं. सातबाऱ्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मात्र 'उद्या या' एवढंच ऐकायला मिळतं.

तुमच्या हातात काय आहे?

सर्व्हरची खोली आपल्या हातात नाही, पण तक्रार नीट करणं आहे. 'साइट चालत नाही' या वाक्याचा पलीकडच्या इंजिनिअरला काडीचा उपयोग नाही. कुठल्या पायरीवर अडलं ते सांगा. पान उघडलं का? लॉगिन झालं का? ओटीपी आला का? पैसे कटले का? पैसे कटले आणि कागद आला नाही, तर पुढची सर्व्हिस चालू आणि मागची बंद, हे त्याला लगेच कळेल. स्क्रीनशॉट काढताना वरची वेळ आणि चुकीचा आकडा दोन्ही दिसू द्या. त्या वेळेवरून लॉगमधली नेमकी ओळ सापडते. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकण्याआधी आधार नंबर तेवढा झाका.

पैसे कटलेले असताना पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. तुमची मागणी मागच्या रांगेत पडून असू शकते, आणि सर्व्हिस उठली की सगळ्या मागण्या एकदम पुढे जातात. मग एकाच कागदाचे तीनदा पैसे.

आणि मुदतीचं काय? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. त्यात अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला दिवसांची मुदत ठरवून दिलेली असते आणि अर्जाची पोच द्यावी लागते. म्हणून 'सर्व्हर डाऊन'मुळे ऑनलाइन अर्ज जात नसेल तर लेखी अर्ज द्या आणि तारखेची पोच घ्या. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्याच्यावर दुसरं, आणि त्यानंतर प्रकरण राज्य सेवा हक्क आयोगाकडे नेता येतं. पुरेसं कारण नसताना उशीर केला असं ठरलं तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. सर्व्हर बंद होता हे पुरेसं कारण आहे की नाही, ते अपिलात ठरतं, आणि तिथे तुमचा वेळ दिसणारा स्क्रीनशॉट आणि तारखेची पोच कामाला येते.